गिरजाबाईचं गंगावन

पावसाळ्यात गिरजाबाई मुदतीच्या तापातून उठली ती केस गमावूनच. आधी ते कंगव्यात यायचे, मग उशीवर, आणि दिवाळीपर्यंत तर भाजीतही यायला लागले. इस्तारी ताटातला केस बोटाने काढून बाजूला ठेवायचा आणि जेवत राहायचा. बोलायचा काहीच नाही. गिरजाबाईला वाटायचं, या माणसाने एकदा तरी काही म्हणावं. पण इस्तारी मुळातच कमी बोलणारा. डोंगरबोडीच्या तलावावर जाळं टाकताना जेवढं गप्प राहावं लागतं, तेवढाच तो घरीही गप्प असायचा.

एरवी तिने ते निभावून नेलं असतं. डोक्यावर पदर असला की खाली काय उरलंय ते कोण बघायला येतं. पण भाग्यश्रीचं लग्न जमलं. मुलगा वरोऱ्याचा, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. शिमगा झाला की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं ठरलं. आणि मुलाची आई शकुबाई पोरगी पाहायला आली होती तेव्हा तिच्या मानेवर चांगला नारळाएवढा अंबाडा होता. गिरजाबाईने त्या दिवशी पोहे दिले, चहा दिला, चार गोष्टी बोलली, पण लक्ष सगळं त्या अंबाड्यावर.

पाहुणे गेल्यावर ती भाग्यश्रीला म्हणाली, "साक्षगंधात फोटो काढतीन. इनबाईच्या बाजूले मले उभी करतीन. कशी दिसन मी?"

"कशी मंजे? माही माय दिसशीन."

"सोललेल्या लसनावानी दिसन."

साड्या घ्यायला मायलेकी चंद्रपूरला गेल्या. गोलबाजारात बांगड्या, टिकल्या, फण्या विकणाऱ्या एका दुकानाच्या दारातच काळीभोर गंगावनं टांगलेली होती. गिरजाबाई त्यांच्यासमोरून पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. दुकानदाराने ओळखलं.

"घ्या बाई. खऱ्या केसाचं हाये. येनीत गुंफलं का तुमच्या सख्ख्या मायलेबी समजत नाई."

"माही माय नाई राह्यली आता."

"मंग तर भेवच नाई," दुकानदार म्हणाला आणि त्याने गंगावन कागदात गुंडाळायलाच घेतलं.

आता नवा प्रश्न. साक्षगंधाच्या दिवशी एकदम जाड वेणी घालून बाहेर आली तर गावातल्या बाया काय म्हणतील? गिरजाबाईने त्याचाही विचार केला. गंगावनाच्या बटा सुट्या करता येत होत्या. पहिल्या दिवशी तिने एकच बट गुंफली. दोन दिवसांनी दुसरी. मग तिसरी. आठवडाभरात तिची वेणी पाऊस लागलेल्या वेलासारखी वाढली. विहिरीवरच्या बाया वळून वळून पाहायला लागल्या.

"काय लावते वो गिरजाबाई?"

"काय लावन? माका. खोबऱ्याच्या तेलात उकडते न लावते."

दोन दिवसांत शेताच्या बांधावर माका म्हणून दिसेना. सगळ्या गावाला गिरजाबाईची वेणी दिसली, एका इस्तारीला सोडून. तो आपला जेवायचा, जाळ्याच्या तुटलेल्या गाठी मारत बसायचा आणि झोपायचा.

"गावातल्या कुत्र्यायलेबी समजलं," गिरजाबाई भाग्यश्रीजवळ कुरकुरली, "पन या मानसाले नाई."

साक्षगंध एका दिवसावर आलं आणि गिरजाबाईच्या लक्षात आलं की गंगावनाचा रंग सुटतोय. चुलीपुढे बसलं की मानेवरून काळा ओघळ यायचा. नव्या साडीला डाग पडला असता. म्हणून ती सकाळीच धुण्याचं टोपलं घेऊन तलावावर गेली आणि नेहमीचा घाट सोडून पार टोकाला, जिथे कोणी येत नाही तिथे जाऊन बसली. गंगावन सोडलं, पाण्यात बुचकळलं, आणि तेवढ्यात मागून हाक आली.

"बाई."

रंभा होती. शेजारच्या सुकलूची बायको. हातात कपड्यांची पिशवी, डोळे सुजलेले. गिरजाबाईने डोक्यावर पदर ओढला, गंगावन पाण्यात सोडलं आणि त्याच्यावर पाय ठेवून उभी राहिली.

"मी माहेरी चालली, बाई."

"काऊन? काय झालं?"

"तुमच्याच पायी झालं."

"माह्या?"

"काल ह्यायले जेवाले वाढून राह्यली होती. तर मनते कसे, गिरजावयनीचे केस पाह्य, न तुही ते उंदराची शेपटी पाह्य. मी ताट उचललं न गायीपुढं ठेवलं. आता मी खैरीटोल्याले चालली. ह्यायले सांगू नोका तुमी. होऊ द्या थोडा जिवाले घोर."

गिरजाबाईच्या पायाखाली ते गंगावन मासोळीसारखं वळवळत होतं. "नोको जाऊ वो रंभा," ती म्हणाली. "केसाचं काय. आज हायेत, उद्या नाई."

"तुमचं बरं हाय. तुमच्या डोक्यावर हायेत, मनून बोलता."

सांगून टाकावं असं गिरजाबाईला त्या क्षणी फार वाटलं. पण रंभा रडायला लागली, आणि रडणाऱ्या बाईला जवळ घ्यायचं तर एक पाऊल पुढे टाकावं लागतं. गिरजाबाईने ते टाकलं. रंभाची समजूत घालून झाली, ती बस पकडायला निघून गेली, आणि गिरजाबाई पुन्हा पाण्यात वाकली तेव्हा तिथे नुसता गाळ होता. तिने हाताने चाचपलं, काठीने ढवळलं, कमरेएवढ्या पाण्यात जाऊन पाहिलं. गंगावन गेलं ते गेलंच. निदान कोणी पाहिलं नाही, एवढंच समाधान मानून ती डोक्यावर घट्ट पदर घेऊन घरी आली.

दुपारी तलावावर मोठं जाळं पडलं. पाहुण्यांना रोहू खाऊ घालायचे म्हणून इस्तारीनेच मच्छीमार सोसायटीच्या लोकांना गोळा केलं होतं. दोन्हीकडून दोर ओढत माणसं काठाला आली. जाळ्यात रोहू उड्या मारत होते, शेवाळ होतं, आणि त्या शेवाळात काळंभोर, लांब काहीतरी गुरफटलेलं होतं.

"शेवाळ हाय," इस्तारी म्हणाला. "फेका ते."

पण त्याच्या शेजारी दोर धरलेला इसरू वाकून पाहायला गेला आणि तसाच मागे सरकला. "शेवाळ नाई, भाऊ. केस हायेत. बाईचे."

दोर हातातून सुटले. रोहू आले तसे परत गेले आणि कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. इस्तारीने पुढे होऊन ते केस काठावर आणले, खांद्यावरचा दुपट्टा त्यावर टाकला आणि म्हणाला, "कोनी हात लावू नोका."

"केस सुटून आले," इसरू हळूच म्हणाला. "बाई खालीच आसन."

पोलीसपाटील वारलूभाऊ आले. त्यांनी आधी सगळ्या गावातल्या बायांना पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बोलावलं. मग जो तो आपापली बायको शोधायला लागला. कित्येकांनी कित्येक वर्षांत बायकोकडे इतकं नीट पाहिलं नव्हतं. सगळ्या सापडल्या. सापडली नाही ती रंभा.

सुकलूला बोलावलं. तो सकाळपासून उपाशी होता आणि कोणाला न सांगता बायकोला शोधत होता. त्याने दुपट्ट्याचं टोक उचललं, केसांकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला.

"इतके केस होते वो तिचे," तो म्हणाला. "इतके लांब. इतके दाट. घरात होते न मले कधी दिसलेच नाई."

"काय झालं होतं, सुकलू?" वारलूभाऊंनी विचारलं.

"मी शेपटी मनलो, पाटीलभाऊ. ह्या केसायले मी उंदराची शेपटी मनलो."

बायांच्या डोळ्यांना पदर लागले. काल विहिरीवर रंभाशी कडाकडा भांडलेली बाई सगळ्यात मोठ्याने रडू लागली. गिरजाबाई मागच्या रांगेत उभी होती. पदर तिने दोन्ही हातांनी हनुवटीखाली धरला होता. भाग्यश्री तिच्या कानाशी आली.

"आई, सांग न."

"उद्या पाहुने येऊन राह्यले. आज सांगू?"

तरी तिला राहवेना. केसांचं न बोलता निदान रंभा जिवंत आहे एवढं सांगता येईल असं तिला वाटलं. ती पुढे झाली. "पाटीलभाऊ, रंभा माहेरी गेली आसन."

"तुमाले कसं मालूम?"

"मले सांगतलं तिनं."

"कुठी?"

सगळ्या गावापुढे गिरजाबाईला खोटं चटकन सुचलं नाही. "इथीच. तलावावर. सकाळी."

"काय करत होती?"

"रडून राह्यली होती."

वारलूभाऊंनी वळून पाण्याकडे पाहिलं.

"बसमधी बसतानी पाह्यली तुमी तिले?"

"नाई."

वारलूभाऊंनी मान हलवली. "चिमूरच्या ठान्यात फोन लावा," ते म्हणाले. "न कोनी तरी सायकलनं खैरीटोल्याले जा. माहेरच्यायले सांगाच लागन."

होतं त्यापेक्षा वाईट करून गिरजाबाई मागे गेली.

पोहणारे पाण्यात उतरले. बुड्या मारमारून रंभा काही सापडली नाही, पण एकाने गाळातून पाणी भरायची पितळेची गुंडी वर आणली. ती निघाली वारलूभाऊंच्या चुलतभावजयीची. गुंडी चोरली म्हणून तिने आपल्या शेजारणीशी जे बोलणं टाकलं होतं ते आजवर सुरू केलं नव्हतं. शेजारीण तिथेच होती. ती गुंडी हातात घेऊन सगळ्यांना दाखवत फिरायला लागली, आणि रंभासाठी रडणाऱ्या बायांचे बघता बघता दोन तट पडले. वारलूभाऊ म्हणाले, "आधी एक निपटू द्या, मंग हे पाहू." पण ऐकतंय कोण.

ऊन कलायला लागलं तेव्हा हवालदार मोटारसायकलवर आला. थकलेला होता, धुळीने भरलेला होता आणि त्याला हे लवकर आटपायचं होतं. त्याने विचारलं, "नवरा कोन हाय?"

सुकलू उभा राहिला. "मी. मीच मारलं तिले, साहेब."

"कायनं?"

"तोंडानं."

हवालदाराने पुढचं ऐकलंच नाही. त्याने सुकलूचं मनगट धरलं. "चल, बस मांग. जे सांगाचं ते ठान्यात सांगजो." आणि सुकलू खरंच निघाला. जणू कधीचा याचीच वाट पाहत होता.

गिरजाबाईने त्याच्या पाठीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांसमोर उद्याचा मांडव आला, शकुबाईचा अंबाडा आला, फोटोवाला आला. मग तिने पदरावरचे हात खाली घेतले आणि बायांच्या गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"हवालदारसाहेब, त्यायले सोडा. ते केस माहे हायेत."

हवालदाराने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी तं जित्या हा."

"मी जितीच हाय. केस इकतचे हायेत."

कोणालाच काही कळलं नाही. तेव्हा तिने डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. तापातून उठल्यापासून पहिल्यांदा तिचं डोकं चारचौघांत उघडं झालं. मागे सुपारीएवढी गाठ होती. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून ती जागच्या जागी फिरली. मग वाकून तिने दुपट्टा बाजूला केला, केसांना चिकटलेलं शेवाळ काढलं आणि वरच्या टोकाला काळ्या दोऱ्याने बांधलेली गाठ हवालदारापुढे धरली.

"गोलबाजारातून आनलं. पोरीच्या साक्षगंधात बरं दिसन मनलं. सकाळी धुवाले आनलं न पायाखालून गेलं. रंभा खरंच माहेरी गेली. केसाचं मले मायीत होतं, पन मी बोलली नाई."

मग पाळीच्या टोकाकडून एक म्हातारी म्हणाली, "मंजे माका लावून काई होत नाई?"

"नाई, मावशी."

"मी पंधरा दिवस लावून राह्यली."

तेवढ्यात रस्त्यावर काळीपिवळी जीप धुरळा उडवत आली. जीपमधून रंभाचे भाऊ काठ्या घेऊन उतरले. सायकलवाल्याने निरोप दिला तसे ते सुकलूला फोडून काढायला निघाले होते, आणि वाटेत फाट्यावर त्यांना घराकडे परत निघालेली रंभाच भेटली होती. बसमध्ये ती चढलीच नव्हती; फाट्यावरच्या हॉटेलात अर्धा दिवस चहा पीत बसली होती, नवरा मागोमाग येतो का ते पाहत. भावांनी तिलाही जीपमध्ये घातलं. काठ्या आणल्याच होत्या म्हणून हातात ठेवल्या होत्या.

रंभा खाली उतरली. सुकलू हवालदाराच्या हातातून मनगट सोडवून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"रंभे, तुहे केस…"

"काय केसाचं?" रंभाने कमरेवर हात ठेवला.

"चांगले हायेत," सुकलू म्हणाला. "लय चांगले हायेत."

मग जे हसू सुटलं ते थांबेना. हवालदारही हसला, रंभाचे भाऊ काठ्यांवर रेलून हसले. गुंडीवाल्या दोघी तर एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या आणि नंतर लक्षात आल्यावर चटकन दूर झाल्या. गिरजाबाई मात्र घराकडे चालू लागली. गंगावन तिने पाळीवरच सोडलं. ज्याच्यासाठी लोक रडले ते डोक्यात कोण घालणार.

घरी ती चुलीपुढे बसून राहिली. इस्तारी हातपाय धुऊन आत आला.

"मासोळ्या गेल्या," तो म्हणाला. "उद्या कोंबड्या कापाव लागतीन."

"कापा." ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "तुमाले काईच बोलाचं नाई काय? गावापुढं तुमची बायको बिनकेसाची उभी राह्यली."

"मी मनलो होतो न, शेवाळ हाय, फेका. कोनी ऐकते काय."

गिरजाबाईने हळूहळू मान वर केली. "तुमाले मायीत होतं?"

"जनमभर गाठीच मारून राह्यलो मी," इस्तारी म्हणाला. "तुह्या येनीत दोरा हाय का केस हाय, ते मले दिसनार नाई? मनूनच दुपट्टा टाकला त्याच्यावर. गाठ दिसू नये."

"मंग बोलले काऊन नाई इतके दिवस?"

"तू बोलली नाई, मनून मी बोललो नाई. मले वाटलं, तुले बरं वाटून राह्यलं." त्याने ओले हात पुसले. "न मले तसंबी बरंच वाटते. असल्यावरबी न नसल्यावरबी."

इतकं बोलून त्याला दम लागल्यासारखा झाला आणि तो कोंबड्या धरायला घरामागच्या सांदवाडीत निघून गेला. गिरजाबाई बराच वेळ चुलीतला विस्तव नीट करत बसली. तो नीटच होता.

दुसऱ्या दिवशी वरोऱ्याची मंडळी आली. चिमूरहून वरोऱ्याला जाणाऱ्या शेवटच्या बसच्या कंडक्टरने ही गोष्ट कालच तिथे पोचवली होती आणि येणाऱ्या पाहुण्यांनी ती वाटेतही दोन ठिकाणी ऐकली होती. गिरजाबाईला ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. नवी साडी नेसून, चार केसांची नीट गाठ मारून ती स्वयंपाकघरात उभी होती. डोक्यावर पदर घेतलाच नव्हता. घ्यायचा कशाला.

शकुबाई चपला काढून सरळ आत आली. तिचा नारळाएवढा अंबाडा आज आणखीच मोठा होता. पाटावर बसून तिने गिरजाबाईच्या डोक्याकडे निरखून पाहिलं.

"तलावावरच्या तुमीच काय?"

"होय, इनबाई. मीच."

भाग्यश्रीच्या हातातला पेला जागीच थांबला. शकुबाई उठली, तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि पुन्हा पाटावर बसली. मग दोन्ही हात मानेमागे नेऊन ती एकेक पिन काढायला लागली. पिना संपल्या तसा अख्खा अंबाडा तिच्या हातात आला. तिने तो सुपात, निवडलेल्या कोथिंबिरीच्या बाजूला ठेवला आणि मान मोकळी केली.

"काय ऊन हाय वो," ती म्हणाली. "बसमधी तं जीव चालला होता. तुमच्या घरी आता लपवाचं काय राह्यलं? थोडा वारा लागू द्या."

गिरजाबाईने कोपऱ्यातला हातपंखा उचलला आणि ती विहिणीला वारा घालू लागली. मग दोघींच्या गोष्टी निघाल्या. शकुबाईचे केस धाकट्याच्या बाळंतपणात गेले होते आणि अंबाडा नागपूरहून आणलेला होता. तो रात्री उंदराने नेला तेव्हा तिने घरातल्यांना काय सांगितलं होतं, तेही तिने सांगितलं. दारामागून येणारं हसणं ऐकून बाहेरच्या पुरुषांनी इस्तारीकडे पाहिलं. इस्तारीने फक्त सुपारी पुढे केली.

साक्षगंध झालं. फोटोवाल्याने दोघी विहिणींना बोलावलं. शकुबाईने सुपाकडे हात नेला, गिरजाबाईकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"राहू द्या. दोघी सारख्याच दिसू."

दोघी मांडवात शेजारी उभ्या राहिल्या. पण सारख्या त्या नव्हत्या. शकुबाईची गाठ लहानशा बोराएवढीच होती. गिरजाबाईने ते स्वयंपाकघरातच पाहून ठेवलं होतं. फोटोवाल्याने इकडे बघा म्हटलं तेव्हा तिने मान किंचित तिरकी केली, म्हणजे मागची सुपारीएवढी गाठ फोटोत नीट यावी.